बोलायचे राहून गेले

कुणाच्या घरी दुःखाचे भेटायला गेले की एक वाक्य हमखास कानावर येते. गेलेल्या माणसाचा मुलगा, कधी सून, कधी बायको दाराकडे बघत म्हणते, "खूप बोलायचं होतं हो, राहून गेलं." आपण मान हलवतो. आलेला चहा पितो आणि उठतो. हे वाक्य मी टिळकवाडीतल्या बंगल्यात ऐकले आहे, वडगावातल्या विणकराच्या घरी मागाशेजारी बसून ऐकले आहे आणि स्वतःही म्हटले आहे. ते खोटे नसते. म्हणणाऱ्याचा गळा खरोखर दाटलेला असतो.

पण अलीकडे या वाक्यातली एक गोष्ट मला टोचू लागली आहे. या वाक्यात कर्ता नाही. बोलायचे राहून गेले, पण कुणाकडून? दूध नासले, कौल गळले, तसे बोलणे राहून गेले. जणू ते आपोआप राहत होते आणि आपण सगळे शेजारी उभे राहून बघत होतो. भारतीय कुटुंबांवरच्या ज्या चारदोन कथांनी मला आयुष्यभर सोबत केली, त्या याच न बोलण्याच्या कथा आहेत. त्या वाचताना मी हळहळलो, क्वचित रडलोही. त्या हळहळीची किंमत काय, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला. तोच इथे मांडतो.

मी आपल्या जिल्ह्यात एका बँकेत तेहतीस वर्षे नोकरी केली. खानापुराकडचे शेतकरी मराठी बोलत, बैलहोंगलाकडचे कन्नड, बाजारातले व्यापारी दखनी आणि साहेब बहुधा म्हैसूरकडचे. त्यांना मराठीचे अक्षर येत नसे. त्यामुळे हिशेबाच्या कामाइतकेच दुभाष्याचेही काम माझ्या गळ्यात पडले. उताऱ्यावर बोजा का चढला हे शेतकऱ्याला मराठीत समजावायचे आणि त्याचा संताप साहेबांना कन्नडमध्ये जरा मवाळ करून सांगायचा. या कामात मी तरबेज झालो. माणूस काय म्हणतो यापेक्षा त्याला काय म्हणायचे आहे, हे मला चटकन कळे. शाखेत सगळे मला थट्टेने 'दुभाषी' म्हणत आणि मला त्याचा अभिमान वाटे.

या कामामुळे माझी एक ठाम समजूत झाली होती, की माणसांत दुरावा येतो तो भाषेपायी. दोघांची भाषा एक केली की प्रश्न सुटला. आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत असावी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण सीमाभागातली माणसे भाषेविषयी इतके बोललो आहोत, की न बोलण्याचे खापरही भाषेवरच फोडायची सवय लागली आहे.

ही समजूत ज्या कथांनी मोडली, त्यांतल्या एकीचा नायक माझ्यासारखाच दुभाष्या आहे. झुंपा लाहिरी यांच्या 'इंटरप्रीटर ऑफ मॅलडीज' या १९९९ च्या संग्रहातली ही त्याच नावाची कथा. या संग्रहाला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. कथेतले मिस्टर कापसी आठवड्यातले काही दिवस पर्यटकांना कोणार्कचे सूर्यमंदिर दाखवायला नेतात आणि एरवी एका डॉक्टरकडे गुजराती रोग्यांची दुखणी डॉक्टरांना समजेल अशा भाषेत सांगतात. अमेरिकेत वाढलेल्या मिसेस दास यांना या कामाचे फार कौतुक वाटते. नवऱ्यापासून आठ वर्षे लपवलेले गुपित त्या या परक्या माणसापुढे उघड करतात. आपल्या दुखण्यावर हा काहीतरी इलाज सांगेल अशी त्यांची अपेक्षा असते. कापसी विचारतात, हे दुःख आहे की अपराधाची टोचणी? बाई दुखावतात आणि संवाद तिथेच संपतो. पत्ता लिहून दिलेला कागद वाऱ्यावर उडून जातो. तो उडताना फक्त कापसींना दिसतो.

पहिल्यांदा वाचताना माझे सगळे लक्ष बाईंकडे होते. नंतर कापसींच्या घराकडे लक्ष गेले. त्यांचा मुलगा सात वर्षांचा असताना विषमज्वराने गेला. औषधपाण्याची बिले भागवण्यासाठी त्यांनी त्याच डॉक्टरकडे ही नोकरी धरली. त्यांच्या बायकोला या नोकरीचे नावही नको असते, कारण त्या नावासरशी गेलेला मुलगा आठवतो. म्हणजे दिवसभर परक्यांची दुखणी एका भाषेतून दुसरीत नेणारा हा माणूस घरी आपले दुःख बायकोपर्यंत नेऊ शकत नाही. तिचेही त्याच्यापर्यंत येत नाही. दोघांमध्ये कुठलीही परकी भाषा आडवी आलेली नाही.

दुसरी कथा हिंदीतली, उषा प्रियंवदा यांची 'वापसी'. ती १९६० सालची. १९८६ च्या सुमारास बँकेच्या हिंदी परीक्षेसाठी म्हणून मी वाचनालयातून हिंदी कथांचा एक संग्रह आणला होता, त्यात ती होती. गजाधरबाबू रेल्वेत पस्तीस वर्षे नोकरी करतात. त्यातली बरीचशी वर्षे आडगावच्या स्टेशनांवर, घरापासून दूर, एकट्याने काढलेली. मुलांची शिक्षणे व्हावीत म्हणून बायकोमुले शहरात. निवृत्त होऊन ते मोठ्या आशेने घरी येतात. ते खोलीत शिरताच चाललेली हसणीखिदळणी थांबते. कुणी त्यांचा अपमान करत नाही, फक्त त्यांच्यासाठी जागा नसते. त्यांची खाट आधी बैठकीच्या खोलीत टाकतात. मग ती बायकोच्या लहानशा खोलीत जाते, लोणच्याच्या बरण्या, डाळतांदळाचे डबे आणि रजयांच्या ढिगाऱ्याशेजारी. शेवटी गजाधरबाबू एका साखर कारखान्यात नोकरी पत्करतात. तू येतेस का, असे बायकोला विचारतात. घर आणि वयात आलेली मुलगी सोडून मी कशी येऊ, असे ती म्हणते. ते एकटेच जातात. ते गेल्यावर घरात सिनेमाचा बेत ठरतो आणि बायको धाकट्या मुलाला सांगते, की बाबूजींची खाट खोलीतून काढ, चालायलासुद्धा जागा नाही.

ही कथा मी रात्री स्वयंपाकघरात बसून वाचली. शेवटाला आलो तेव्हा डोळे भरून आले होते. आमच्या सौभाग्यवतीला मी ती तिथल्या तिथे सांगितली. तीही पदराने डोळे पुसू लागली. त्या वेळी बाहेर सोप्यात माझे वडील खोकत होते.

आप्पा प्राथमिक शिक्षक. नोकरी सगळी खानापूर तालुक्यात, जंगलाकडच्या खेड्यांत. पावसाळ्यात नाल्यांना पाणी आले की पंधरापंधरा दिवस घरी येता यायचे नाही. एरवी शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. आम्ही भावंडे आईच्या हाताखाली वाढलो. आप्पा म्हणजे शनिवारची पिशवी. तिच्यात कधी फणस, कधी काजू, कधी दुसऱ्यांच्या मुलांनी वापरून झालेली पुस्तके असत. १९८४ मध्ये ते निवृत्त होऊन घरी आले. सोमवार आला तरी ते जात नाहीत, हे अंगवळणी पडायला आम्हाला बरेच दिवस लागले.

मधल्या खोलीत त्यांनी आपली आरामखुर्ची मांडली. तिथे बसून ते पेपर वाचत, नातवाचे पाढे घेत, दारातून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत. वर्षभराने आम्ही रंगीत टीव्ही घेतला. तो ठेवायला ती एकच भिंत सोयीची होती. मी म्हटले, "आप्पा, खुर्ची सोप्यात ठेवू या काय? तुम्हाला वाराही लागेल." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले. खुर्ची मीच उचलून नेली. पुढची आठ वर्षे, १९९३ साली जाईपर्यंत, ते सोप्यातच बसले.

'वापसी' वाचली ती खुर्ची बाहेर गेल्यानंतर वर्षभराने. गजाधरबाबूंच्या खाटेसाठी मी रडलो आणि पाच पावलांवरच्या खुर्चीची आठवणही झाली नाही. भीष्म साहनी यांची 'चीफ की दावत' मी त्याच दिवसांत वाचली. साहेबांना जेवायला बोलावलेला मुलगा म्हातारी आई दिसू नये म्हणून तिला कुठे बसवायचे या काळजीत पडतो आणि अखेर व्हरांड्यात खुर्ची टाकून देतो. त्या मुलाला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या. व्हरांडा आणि खुर्ची हे दोन्ही शब्द माझ्या डोळ्यांखालून गेले, तरी काही कळले नाही.

हे कसे होते, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. एक कारण सरळ आहे. कथेत लेखक माणसाच्या मनात शिरून आपल्याला ते उघडून दाखवतो. घरात असा निवेदक नसतो. आप्पा "बरं" म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात काय आले, हे सांगणारी पुढची ओळ कुणी लिहिली नाही. दुसरे कारण असे, की कथेतला माणूस आपल्याकडे काहीही मागत नाही. गजाधरबाबूंना घरात जागा द्यायची माझ्यावर जबाबदारी नव्हती, त्यामुळे त्यांना माझी दया फुकट मिळाली. आप्पांना जागा द्यायची तर टीव्ही हलवावा लागला असता.

पण ही दोन्ही कारणे मला थोडी सोडवणूक करणारी वाटतात. खरे कारण याहून अडचणीचे आहे. एकाकी माणसाची कथा वाचताना आपण सगळे त्या एकाकी माणसाच्या जागी जाऊन बसतो. मी बसलो, माझी बायको बसली, आणि उद्या माझा मुलगा ही कथा वाचील तर तोही तिथेच बसेल. खाट बाहेर काढणाऱ्याच्या जागी जाऊन कुणी वाचत नाही. म्हणून असल्या कथा घरोघर वाचल्या जातात, सगळ्यांना आवडतात, आणि खाटा बाहेर जायच्या थांबत नाहीत.

त्या दुसऱ्या जागेवरून सांगितलेली एक गोष्ट मला उतारवयात भेटली, तीही आपल्या शेजारच्या भाषेत. विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' ही दीर्घकथा २०१३ मध्ये कन्नडमध्ये आली. बंगळुरातले एक कुटुंब. एके काळी पै पै मोजणारे आणि चिक्कप्पाच्या मसाल्याच्या धंद्याने अचानक पैशात आलेले. गोष्ट सांगणारा मुलगा काही करत नाही, एका कॉफी हाउसात जाऊन बसतो. एक दिवस चिक्कप्पाच्या ओळखीची एक बाई मसुरीचे कालवण घेऊन दाराशी येते. घरातल्या बायका तिला वाटेल तसे बोलून हाकलून देतात. तो बघत राहतो. त्याची बायको अनिता मात्र गप्प बसत नाही, एका बाईला असे का वागवले म्हणून जाब विचारते. इथून पुढे तिच्याविषयी घरात जे शिजत जाते, ते वाचताना अंगावर काटा येतो. सांगणारा काहीच करत नाही आणि तीच त्याची करणी आहे.

'घाचर घोचर' हा शब्द कन्नड कोशात नाही. तो अनिताच्या माहेरच्या चौघांनी घरात बनवलेला शब्द. धाग्याचा न सुटणारा गुंता झाला की म्हणायचे, घाचर घोचर झाले. ती तो नवऱ्याला सांगते, म्हणजे आपल्या घरच्या भाषेत त्याला घेते. इतकी जवळची भाषा हाती येऊनही पुढे तिच्यासाठी तो एक वाक्य बोलत नाही. हा शब्द वाचला आणि मला आपले 'राहून गेले' आठवले. गुंता झाला, बोलणे राहिले, खुर्ची बाहेर गेली. दोन्ही भाषांत आपल्याला कर्ता लपवायची चांगली सोय आहे.

यावर कुणी म्हणेल, मग सरळ बोलावे, त्यात काय एवढे? इतके सोपे ते नाही. लाहिरी यांच्याच संग्रहातली पहिली कथा या बाबतीत आठवण्यासारखी आहे. मृत मूल जन्मल्यापासून एकमेकांना टाळणारे नवराबायको. वीजदुरुस्तीसाठी पाच दिवस रोज रात्री आठ वाजता तासभर वीज जाणार, अशी सूचना येते. आपल्याकडे याचे कुणाला नवल वाटणार नाही, पण त्यांचे घर अमेरिकेत आहे. अंधारात दोघे रोज एकमेकांना आजवर न सांगितलेली एकेक गोष्ट सांगू लागतात. नवऱ्याला वाटते, दुरावा मिटतो आहे. शेवटी बायको सांगते, की तिने वेगळी जागा घेतली आहे. हे सांगता यावे म्हणून ती रोज थोडे थोडे बोलत होती. मग तोही आजवर जपलेले सांगून टाकतो. मूल मुलगा होता आणि आपण त्याला हातात घेतले होते. दोघेही खरेच बोलले. त्या खरेपणात जखमही होती. तोंड उघडले म्हणजे संवाद झाला असे नव्हे.

उलट, गप्प माणूस म्हणजे तुटलेला माणूस असेही नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, एकसंब्याला, १९२३ साली जन्मलेले आणि धारवाडात इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी माणसांत मिसळणे टाळत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या कथांतली माणसे एकाकीपणाच्या टोकाला गेलेली आहेत. पण त्यांच्या मागे त्यांच्या पत्रांचे खंड निघाले, ते वाचले की समोरच्या माणसासाठी हा लेखक किती वेळ आणि जीव खर्च करी ते दिसते. बैठकीत चार तास बसणाऱ्या कितीजणांनी कुणासाठी तेवढा खर्च केला असेल?

म्हणजे प्रश्न बोलण्याचाही नाही आणि न बोलण्याचाही नाही. तो समोरच्याचे म्हणणे समजून घेण्याची तसदी घेण्याचा आहे. आप्पा रोज रात्री मी बँकेतून आलो, हातपाय धुऊन आत गेलो, जेवून सोप्यात आलो की विचारत, "जेवलास काय रे?" मी म्हणे, "हो." संपले. वर्षानुवर्षे हा एकच प्रश्न आणि एकच उत्तर. मी जेवून आलो हे त्यांना दिसत होते. ताटवाटीचा आवाज त्यांनी ऐकलेला असे. मग विचारत का होते? हाच प्रश्न बँकेत एखाद्या म्हाताऱ्याने विचारला असता, तर त्याला काय म्हणायचे आहे ते मी क्षणात ओळखले असते. 'बस जरा' असेच त्याला म्हणायचे असते. साहेबांच्या कन्नडचा अर्थ लावायला मी दिवसभर जीव टाकत होतो. आप्पांचे बोलणे मराठी होते, त्याचा अर्थ लावायचा असतो हे माझ्या डोक्यातही आले नाही. परक्या भाषेपुढे आपण सावध होऊन कान देतो. आपल्या भाषेपुढे आपल्याला सगळे आधीच कळलेले असते.

थोडा दोष आप्पांचाही होता, हे म्हटल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. गजाधरबाबूही घरी येऊन बोलतात ते हुकूमच. स्वयंपाक तू कर, शेजारी जाऊ नकोस, नोकर काढून टाका. आत उन्मळून येते ते एकदाही कुणाला सांगत नाहीत. आप्पांना "खुर्ची इथेच असू दे" म्हणता आले असते. ते "बरं" म्हणाले. आता मी त्यांच्या वयाला पोचलो आहे. मुलगा पुण्याहून रविवारी फोन करतो, "बाबा, कसं आहे?" विचारतो आणि मी "बरं आहे" म्हणतो. हा "बरं" कुठून आला ते मला ठाऊक आहे. आता निदान त्यापुढे एक वाक्य जोडायचे मी ठरवले आहे. कधी जमते, कधी नाही. गुडघ्याविषयी बोललो तर तो डॉक्टरांचे नाव सुचवतो. मला डॉक्टर नको असतो, पण तेही मीच सांगायला हवे.

आप्पांची खुर्ची अजून सोप्यातच आहे. कापड दोनदा बदलले, लाकूड चांगले आहे. मागच्या दिवाळीत नात आली होती. तिने विचारले, "आजोबा, ही खुर्ची नेहमी बाहेरच का असते?" मी सवयीने म्हणणार होतो, की टीव्ही आला तेव्हा ती बाहेर गेली. वाक्य अर्ध्यावर थांबवले. मग म्हणालो, "आधी ती आत होती. माझे वडील तिच्यावर बसायचे. मी ती बाहेर आणून ठेवली."

ती म्हणाली, "का?"

तिला शेजारी बसवून घेतले आणि सांगू लागलो.